केरबाची भुरी

"...पण ती बाग कुणाची, एवढं तरी सांगा ना बाई."

बाई नाचणी पाखडत होत्या. सूप वर जात होतं, खाली येत होतं. उडालेला कोंडा अंगणातल्या धुक्यात शिरून दिसेनासा होत होता.

"बाई, मी त्या पानाबद्दल विचारतोय. तुम्ही पोस्टानं पाठवलेल्या."

"ऐकू येतंय मला," केळुसकर बाई म्हणाल्या. "अजून बहिरी झाले नाही."

आणि पुन्हा सूप.

यशोधन जोत्यावर बसून राहिला. दुसऱ्या कुणी त्याला असं ताटकळत ठेवलं असतं, तर त्यानं तिथल्या तिथे सुनावलं असतं. घाटाखालच्या खोऱ्यात आता त्याचा दराराच तसा होता. तो बोलायला उभा राहिला की द्राक्ष बागायतदार टोप्या सावरून बसायचे. पण बाईंपुढे त्याची डाळ शिजत नसे. बाईंनी कृषी महाविद्यालयात जन्मभर बुरशीशास्त्र शिकवलं, आणि यशोधन त्यांचा शेवटचा विद्यार्थी. लाडका. आपण लाडके आहोत हे त्याला चांगलं ठाऊकही होतं.

निवृत्त झाल्यावर बाई घाटमाथ्यावरच्या ह्या दगडी घरात येऊन राहिल्या. आसपासचे लोक त्यांना सिद्ध बाई समजून पाया पडायला येतात. बाई त्यांच्यावर डाफरतात. त्यामुळे लोकांचा विश्वास आणखीच वाढतो, आणि त्याला बाईंकडे इलाज नाही.

सूप थांबलं.

"आधी तू सांग. पान काय म्हणालं?"

यशोधनची कळी खुलली. सगळा प्रवास तो ह्याच प्रश्नाची वाट बघत आला होता.

"भुरी आहे."

"ते मलाही दिसलं. पिठात लोळवल्यासारखं होतं पान."

"डोळ्यांना सगळी भुरी सारखीच, बाई. म्हणून तर कुठली कुठून आली हे आजवर कुणाला कळत नव्हतं. पण आत..."

आत म्हणजे त्या बुरशीच्या जनुकांत. तिथे काही जागा अशा असतात की एकच तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला सापडतो. एका भुरीत कमी वेळा, दुसरीत जास्त. अशा बऱ्याच जागा एकत्र ताडून पाहिल्या की भुरीचं घराणं ओळखता येतं. ह्या बागेतली त्या बागेतलीची सख्खी की परकी, ते सांगता येतं. ह्या खुणा यशोधननं स्वतः हुडकून काढल्या होत्या, रात्रीचा दिवस करून. त्यांचा अभिमान असायला काहीच हरकत नव्हती. त्याला तो अंमळ जास्त होता, एवढंच.

"मग? कुठलं घराणं निघालं?"

यशोधननं आवाज खाली आणला.

"केरबाची भुरी."

बाईंनी सूप भिंतीला टेकवलं आणि पदरानं हात पुसले.

केरबा पाटोळे हे खोऱ्यातले जुने बागायतदार. दोन वर्षांपूर्वी तिथे एक भुरी अशी उठली की कुठल्याही फवारणीला दाद देईना. यशोधननं बागाबागांतून पानं गोळा केली, खुणा ताडून पाहिल्या, तर सगळीकडे एकच घराणं. ते सर्वांत आधी केरबांच्या बागेत सापडलं, मग बाकीच्यांच्या. बागायतदार मंडळाच्या सभेत यशोधन उभा राहिला आणि त्यानं तसं सांगितलं. आठवड्याच्या आत केरबांच्या वेली बुडातून कापून, ढीग रचून पेटवल्या गेल्या. केरबांनी वाद घातला नाही. ते यशोधनकडे बघत एवढंच म्हणाले होते, "सायेब, तुम्ही म्हंताय म्हंजे आसंल."

पावसाळ्याआधीच केरबा गेले. चुलीपुढे बसल्या जागी.

"ती बाग तर जाळलीत ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"राख झाली तिची."

"मग?"

"तेच तर, बाई. बाग जळाली, माणूस गेला. आणि ह्या हंगामात केरबाची भुरी नव्याच बागांत निघाली. पार पलीकडच्या अंगाला. केरबांचा पाय कधी लागला नाही अशा ठिकाणी. हुबेहूब तीच. एक खूण इकडची तिकडे नाही."

"आधी नव्हती तिथे?"

"नव्हती! मी स्वतः जाऊन बघून आलो होतो. ताडून बघायला निरोगी पानं लागतात, म्हणून मुद्दाम गेलो. एकदम स्वच्छ बागा. आणि पुढच्या आठवड्यात... पांढऱ्या."



धुकं आता जोत्याच्या कडेपर्यंत आलं होतं. अंगणातली तुळस दिसत नव्हती.

"लोक काय म्हणतात रे खाली?"

"लोक!" यशोधन हसला. "लोक म्हणतात, पहाटे बागेत केरबा खोकतात. आधी खोकला ऐकू येतो, मग आठवड्यानं पानं पांढरी पडतात. त्या जळक्या बागेच्या बांधावर आता रोज उतारे असतात. दहीभात, लिंबू, गुलाल, फडक्यात बांधलेलं. ठेवायचं आणि मागं न बघता सरळ घर गाठायचं. चांगले शिकलेले लोक, बाई. हसू येतं मला."

"येतं?"

"...यायचं," यशोधन म्हणाला.

"तू ऐकलास तो खोकला?"

"नाही ना. मी तर रोज पहाटे बागांतच असतो. मला कधीच ऐकू आला नाही."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग नजर काढून घेतली.

यशोधनला ते बघणं आवडलं नाही. तो घाईघाईनं कामाचं बोलू लागला. उद्या सभा होती. ह्या हंगामात भुरी सगळ्यांत आधी राऊबाई शेंडगेच्या बागेत निघाली, मग इतरांकडे. म्हणजे बीज तिथे होतं. राऊबाईची बाग तोडायला हवी. पण केरबांच्या प्रकरणापासून मंडळाची मंडळी बिचकत होती. केळुसकर बाईंचा शब्द आणा, म्हणजे कुऱ्हाड उचलतो, असं त्यांनी यशोधनला साफ सांगितलं होतं.

"तुम्ही फक्त हो म्हणा. बाकी मी बघतो. आणि हे पान आणखी कुणाच्या बागेतलं असेल, तर तीही उद्याच सांगून टाकतो."

"राऊबाईचं काय म्हणणं आहे?"

"काही नाही. बाग तिनं स्वतःच्या हातानं लावलेली. खुंटावर कलम तिनंच भरलेलं. दुसरा आधार नाही तिला. वाईट मलाही वाटतं, बाई. पण खोटं कसं सांगू?"

"खोटं सांगू नकोस." बाई भिंतीला टेकल्या. "मला एक सांग. अगदी पहिलं पान तू कुणाच्या बागेतलं घेतलंस?"

"केरबांच्या."

"त्यांच्याच का?"

"बाकीचे मला फाटकातच उभं करायचे. नवा होतो ना. केरबा एकटे आत बोलवायचे. 'या की सायेब, आदी च्या घ्या, मग फिरा कुटं फिरायचं ते.' मग सवयच पडली. सकाळी गाडी त्यांच्याकडे लावायची, चहा घ्यायचा, त्यांच्या बागेतून एक फेरी मारायची, आणि तिथून पुढे बाकीच्या बागा."

"रोज?"

"रोज."

"आणि केरबा गेल्यावर? आता चहा कुणाकडे?"

यशोधननं सांगायला तोंड उघडलं.

आणि उघडंच ठेवलं.

"राऊबाईकडे," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. त्यात ना राग होता ना आश्चर्य. आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याकडून ऐकताना माणूस हलवतो, तशी.

धुकं घशात बसत होतं. अंगणात कुठेच काही दिसत नव्हतं. पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी खोकलं.

तो ताडकन उभा राहिला.

"कोण आहे?"

त्यानं धुक्यात डोळे ताणले.

"बाई, कोण खोकलं आत्ता?"

"तू."

"...मी?"

"आल्यापासून खोकतोयस. गंधकाची पूड बसलीय छातीत तुझ्या. फवारणीच्या बागांतून फिरतोस, तोंडाला फडकं बांधत नाहीस."

यशोधननं नकळत हात गळ्याशी नेला. गळा गरम होता.

बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"चल. बाग बघायची होती ना तुला?"

त्याला वाटलं, आता गाडीवाट धरावी लागणार, कुणाच्या तरी शेतावर जावं लागणार. त्यानं खांद्यावरची पिशवी सावरली. पण बाई फाटकाकडे वळल्याच नाहीत. त्या घरात शिरल्या, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या पडवीत गेल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या.

पडवीच्या खांबावरून एक वेल वर चढवली होती. बांबूच्या चार काठ्यांचा छोटासा मांडव, त्यावर तिचा पसारा. द्राक्षाची वेल. एकच.

ती पांढरी होती.

यशोधननं आयुष्यात भुरी पुष्कळ पाहिली होती. ही पाहून मात्र त्याला पाऊल टाकवेना. पडवीत वाऱ्याची झुळूक नव्हती. पानं कडांनी आत वळून स्तब्ध होती, आणि त्यांच्यावर ती राखाडी साय चढलेली होती, दाट, शांत. जळलेल्या बागेतली राख उठून इथे येऊन बसली आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. असं मनात आल्याची त्याला लाजही वाटली.

"ही?"

"हीच बाग. पान हिचंच."

"पण... कसं शक्य आहे? घाट उतरल्याशिवाय द्राक्षाचं पान नाही कुठे. एवढ्या लांब वारा काही आणत नाही. तुम्ही रोप खालून आणलं होतंत?"

"बी पेरली. काळ्या द्राक्षाची. बीतून भुरी येत नाही हे तुला शिकवताना माझा घसा बसला होता."

"मग कुणी तरी आलं असणार. खालचं कुणी."

"आलं होतं."

"कधी?"

"दसऱ्याला."

"कोण?"

बाई गप्प.

यशोधनला तो गप्पपणा ऐकू आला नाही. त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला होता आणि हात आपोआप कामाला लागले होते. कात्री हवी, चिकटपट्टी हवी, हातमोजे हवेत. ते सगळं पिशवीतून काढून, दोन्ही हात मोकळे करावेत म्हणून त्यानं पिशवी खांद्यावरून उतरवली आणि शेजारच्या खांबावरच्या खुंटीला अडकवली. खुंटीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. हात बरोबर तिथे गेला.

मग तो पानाकडे वळला.

पिशवी खुंटीवर हलकेच झुलत होती. झुलताना तिची कड पानांना लागत होती. ती पानं वेलीवरची सर्वांत पांढरी पानं होती. तिथून जसजसं दूर जावं तसतसा पांढरेपणा विरळ होत गेला होता, आणि मांडवाच्या पार टोकाला पानं अजून हिरवी होती.

कात्री यशोधनच्या हातातच राहिली.

"खुंटी सापडली तुला," बाई म्हणाल्या.

दसऱ्याला तोच आला होता. दरवर्षी येतो. पहाटे बागा फिरून, तसाच गाडीला टाच मारून, बाईंना सोनं द्यायला. आपट्याची पानं पिशवीतूनच आणली होती. पिशवी ह्याच खुंटीला लावली होती आणि संध्याकाळपर्यंत बाईंशी गप्पा मारल्या होत्या.

खादीची ती पिशवी बाईंनीच त्याला दिली होती, पदवी मिळाली त्या दिवशी. त्यानंतर ती त्याच्या खांद्यावरून उतरली नाही, आणि त्यानं ती कधी धुतली नाही. आईनं एकदा भिजत घालायला घेतली तर हा तिच्यावर खेकसला होता. गुरूच्या हातची वस्तू, तिला साबण लावायचा? मळली तर मळली. तिच्या मळाचाही त्याला अभिमान होता.

"बाई, मी प्रत्येक बागेत हातमोजे बदलतो."

"हो."

"कात्री स्पिरिटमध्ये बुडवतो. बूट पुसतो."

"हो रे. मीच शिकवलं तसं."

"पण पिशवी..."

"पिशवीचं शिकवायचं राहिलं माझं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "वेल पांढरी झाली तेव्हा शंका आली. म्हटलं आपली चूक होत असेल. म्हणून पान तुलाच पाठवलं. तुझ्या खुणा खोटं बोलत नाहीत, ठाऊक आहे मला."

यशोधन खाली बसला.

रोजची सकाळ त्याच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. केरबांच्या मांडवाखालून वाकून जाताना खांद्यावरची पिशवी पानांना घासायची. मग पुढची बाग, मग त्याच्या पुढची. पलीकडच्या अंगाच्या त्या स्वच्छ बागा. ताडून बघायला निरोगी पानं लागतात, म्हणून मुद्दाम गेलेला तो. आणि धुक्यातून येणारा खोकला, ज्याला ऐकू यायला हवा होता त्यालाच न ऐकू आलेला.

केरबांनी आत बोलावलं म्हणून केरबांची बाग गेली. आता राऊबाई बोलावत होती.

"'तुम्ही म्हंताय म्हंजे आसंल,'" तो पुटपुटला. त्याला रडू फुटलं. लहान मुलासारखं, नाक ओढत. बाईंनी त्याला रडू दिलं, समजूत घातली नाही.

बऱ्याच वेळानं तो उठला. खुंटीवरची पिशवी त्यानं हिसकून काढली.

"जाळून टाकतो ही."

बाईंनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"जाळायला तुला काही ना काही लागतंच का रे?"

त्याचा हात सैल पडला.

बाईंनी पिशवी घेतली. खुंटीजवळचं सर्वांत पांढरं पान देठासकट खुडलं आणि पिशवीत टाकलं. आतून एक धुतलेलं फडकं आणलं, त्यात पिशवी गुंडाळली, वर प्लॅस्टिकचा कागद घातला आणि सुतळीनं करकचून गाठ मारली. गाठोडं त्यांनी पडवीच्या कडेला ठेवलं.

केरबांच्या बांधावर असतं तसंच दिसत होतं ते.

"हे उद्या सभेत ने. सगळ्यांच्या मध्ये ठेव."

"आणि काय सांगू?"

"खुणा तुझ्या आहेत. वाचून दाखव."

"राऊबाईची बाग वाचेल, बाई." तो थांबला. "मी नाही वाचणार."

"नाही."

"पुन्हा मला कुणी बागेत पाऊल टाकू देणार नाही."

"नाही देणार."

"...आणि केरबा?"

बाई पांढऱ्या वेलीकडे बघत उभ्या राहिल्या.

यशोधननं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी नेहमीसारखं डाफरून उठवलं नाही, नुसता हात ठेवला डोक्यावर. मग त्यानं गाठोडं उचललं. एवढीशी पिशवी, पण दोन्ही हात लागले तिला.

"वाटेत कुठल्याही बागेत थांबायचं नाही," बाई म्हणाल्या. "कुणी चहाला बोलावलं तरी. घरी गेल्यावर अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात घाल."

"हो, बाई."

तो अंगणात उतरला. धुकं त्याच्याभोवती मिटलं. छातीशी गाठोडं धरून, नजर समोर ठेवून तो ताठ चालू लागला. उतारा घेऊन जाणारा माणूस चालतो, तसंच त्याचं चालणं झालं होतं, आणि ते त्याला कळत नव्हतं. फाटकापाशी त्याला खोकला आला. ह्या वेळी तो त्याला ऐकू आला.

तो थबकला.

मागून, धुक्यातून, बाईंचा आवाज आला.

"यशोधन... लोक मागं बघत नाहीत. तू बघत जा."